कुंडीला कुलूप, कचरा रस्त्यावर

किल्ली नसलेले कुलूप आता कचराकुंडीवरही बसते. डब्याच्या तोंडाशी आडवे फिरणारे पोलादी पिंप असते आणि त्याला धरायला एक दांडी. शेजारच्या काळ्या चौकोनापुढे कार्ड धरले की आत बारीक ‘खट्’ होते. दांडी ओढली की पिंपाची पोकळ बाजू वर येते, तीत एक पिशवी मावते. दांडी सोडली की पिशवी खाली पडते आणि कुलूप पुन्हा लागते. कार्डात स्वतःची बॅटरी नसते. समोरच्या यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातूनच त्यातल्या चिपला क्षणभर पुरेल एवढी वीज मिळते. तेवढ्या वेळात ती आपला क्रमांक सांगते, यंत्र तो यादीशी ताडून पाहते आणि कोणत्या कार्डाने किती वाजता पिशवी टाकली याची नोंद ठेवते. नेदरलँड आणि इटलीतल्या अनेक शहरांत अशा कुंड्या आहेत. दक्षिण कोरियात तर डब्यातच वजनकाटा असतो आणि उष्टे-खरकटे जितके ग्रॅम, तितके पैसे घराच्या बिलात चढतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या चौकांत हे यंत्र आज दिसत नाही. पण जिल्ह्यात ११ नगरपरिषदा आणि २ नगरपंचायती आहेत, ‘स्मार्ट’ या शब्दाची भुरळ सगळ्यांनाच आहे, आणि ओसंडून वाहणाऱ्या कुंडीसमोर उभा राहिलेला कोणीही ‘हिला कुलूपच लावा’ असे म्हणू शकतो. म्हणून निविदा निघण्याआधीच या कल्पनेचा विचार करायला हवा. सार्वजनिक कुंडीचे तोंड, म्हणजे नागरिकाची बाजू, ही आपल्या गावांत इलेक्ट्रॉनिक कुलपासाठी चुकीची जागा आहे. हेच तंत्र दुसऱ्या टोकाला बसवले तर मात्र उपयोगाचे ठरेल.

कुलूप मुळात कशासाठी असते? आतली वस्तू बाहेरच्या माणसाला हवी असते म्हणून. खारपाणपट्ट्यातल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या लोकांना शुद्ध पाण्याचे एटीएम नवे नाही. कार्ड दाखवा किंवा नाणे टाका, नळाला पाणी येते. नाही तर रिकामा कॅन घेऊन घरी जा. तिथे कुलूप चोख काम करते, कारण ज्याच्याकडे कार्ड नाही त्याला पाणी मिळत नाही आणि पाण्याचेही काही बिघडत नाही. कचऱ्याचे नेमके उलटे आहे. इथे आत जे आहे ते जवळजवळ कोणालाच नको आहे; माणूस काही घ्यायला येत नाही, टाकायला येतो. कुंडी उघडली नाही म्हणून खरकट्याची पिशवी घेऊन कोणी माघारी जात नाही. ती पिशवी कुंडीच्या पायथ्याशी ठेवली जाते, गटारात जाते, मोकळ्या प्लॉटवर जाते, फार तर रात्री गाडीच्या हँडलला लटकून गावाबाहेरच्या पुलापर्यंत जाते. कुलूप लावल्याने कुंडी स्वच्छ राहील, यात शंका नाही. प्रश्न कुंडीच्या स्वच्छतेचा कधीच नव्हता.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल या गावाने १९९२ मध्ये कचऱ्याच्या प्रत्येक मोठ्या पिशवीमागे ८० सेंट आकारायला सुरुवात केली. डॉन फुलरटन आणि थॉमस किनमन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या घरांचा कचरा आधी आणि नंतर मोजला. त्यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पिशव्यांचे आकारमान ३७ टक्क्यांनी घटले. हे ऐकून कोणताही मुख्याधिकारी खूश होईल. पण वजन घटले होते फक्त १४ टक्के, कारण लोक त्याच पिशवीत पाय देऊन कचरा दाबून भरू लागले होते. आणि जे वजन घटले, त्यातलेही सुमारे २८ टक्के बेकायदा इकडेतिकडे टाकले गेले असावे, असा या दोघांचा अंदाज होता. नियम पाळण्याची सवय असलेल्या, घरोघर मोटार असलेल्या एका सुस्थित गावातली ही गोष्ट. युरोपातल्या कार्डवाल्या कुंड्यांच्या पायथ्याशी पडलेल्या पिशव्या ही तिथल्याही पालिकांची नेहमीची डोकेदुखी आहे. त्या उचलायला वेगळी माणसे आणि वेगळी गाडी लागते, आणि पिशवी कोणाची हे शोधायला ती फोडून आतली पत्त्याची कागदपत्रे धुंडाळणारे कर्मचारीही ठेवावे लागतात.

‘मग कोरियात कसे जमले?’ हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. कोरियात खरोखरच जमले. १९९५ मध्ये तिथे अन्नकचऱ्यापैकी जेमतेम २ टक्के पुनर्वापरात जात होता, आता सुमारे ९५ टक्के जातो. पण हा पल्ला कुलपाने गाठलेला नाही. १९९५ मध्येच तिथे देशभर ठरावीक, विकत घेतलेल्या पिशवीतूनच कचरा टाकण्याची पद्धत सुरू झाली. २००५ मध्ये अन्नकचरा थेट जमिनीत पुरण्यावर बंदी आली. २०१३ मध्ये अन्नकचऱ्यापुरती प्रमाणानुसार आकारणी देशभर लागू झाली आणि त्यानंतर वजन करणारे डबे पसरले. म्हणजे घराघरात ओले-सुके वेगळे करण्याची सवय दीड-दोन दशके मुरल्यावर यंत्र आले. शिवाय हे डबे प्रामुख्याने उंच इमारतींच्या आवारात असतात. आवारात राहणारे माहीत, त्यांची यादी तयार, बिल इमारतीच्या देखभाल खर्चाबरोबर वसूल, आणि दारात पहारेकरी. बाहेरचा माणूस तिथे पिशवी घेऊन येतच नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या डब्यातून निघालेल्या मालाचे खत, पशुखाद्य किंवा बायोगॅस करणारा कारखाना पलीकडे चालू असतो. आपल्याकडे घरात वेगळा केलेला ओला आणि सुका कचरा घंटागाडीच्या एकाच हौद्यात एकत्र होतो, अशी तक्रार कोणत्याही प्रभागात ऐकायला मिळते. या साखळीतली शेवटची कडी विकत आणून पहिल्या जागी बसवली, तर साखळी होत नाही.

आपली कुंडी कोण वापरते तेही पाहू. कार्ड द्यायचे म्हणजे मालमत्ता कराच्या यादीवरून द्यायचे. त्या यादीत घरमालक असतो. भाडेकरू, वसतिगृहातला विद्यार्थी, हातगाडीवाला, बांधकामावरचा मजूर नसतो. आठवडी बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतून भाजीवाले येतात, संध्याकाळी पानकोबीचा पाला आणि सडके टोमॅटो मागे टाकून निघून जातात. त्यांचे कार्ड कोणत्या नगरपरिषदेचे? शेगावात गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला, रामनवमीला, ऋषिपंचमीला लाखांनी भाविक येतात. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजाला राज्यभरातून माणसे लोटतात. होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेला तर परराज्यांतूनही लोक येतात. २०२० मध्ये रामसर यादीत गेलेल्या लोणार सरोवराच्या काठावर पर्यटक उभा राहतो तो तासाभरासाठी. त्याच्या हातात चिप्सचे रिकामे पाकीट असते, कार्ड नसते. यावर विक्रेत्यांचे उत्तर ठरलेले आहे: अशा दिवशी कुंड्या दूरवरून उघड्या ठेवता येतात. ठीक. पण मग ज्या दिवशी सर्वाधिक कचरा होतो त्याच दिवशी उघडे ठेवायच्या कुलपावर वर्षभराचा देखभाल करार कशाला?

शेगावचे नाव घेतल्याशिवाय या जिल्ह्यात स्वच्छतेवरचा लेख पुरा होत नाही, आणि ते योग्यच आहे. गजानन महाराज संस्थानच्या आवारात एवढ्या गर्दीत जमीन चकचकीत राहते त्याचे गुपित डब्यात नाही. कागदाचा कपटा पडल्यापासून तो उचलला जाईपर्यंतचा वेळ तिथे फार थोडा असतो, कारण पाळीने येणारा सेवाधारी तिथे उभा असतो. संस्थानचे दिवंगत विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील यांनी घालून दिलेली ही शिस्त आहे. नगरपरिषदेला सेवाधारी मिळणार नाहीत, तिला पगार देऊनच माणूस ठेवावा लागेल, हे खरे. पण एका इलेक्ट्रॉनिक कुंडीची किंमत, तिचे सिमकार्ड, तिचे सॉफ्टवेअर आणि दुरुस्तीचा माणूस यांचा हिशेब करताना, त्याच पैशात बाजारपेठेत दुपारची एक जादा पाळी किती महिने चालेल, हा आकडाही त्याच टिपणीत शेजारी लिहावा. बऱ्याच निर्णयांचा निकाल त्या एका रकान्यानेच लागेल.

जनावरांचा मुद्दा वेगळा आहे आणि त्यात तथ्य आहे. उघड्या कुंडीत तोंड घालून प्लास्टिक गिळणाऱ्या गायी प्रत्येक गावात आहेत. बुलढाणा-खामगाव रस्त्यावरचे ज्ञानगंगा अभयारण्य तर अस्वलांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे उघड्यावर टाकलेले अन्न म्हणजे अस्वलाला माणसांची ओळख करून देणे. अशा ठिकाणी झाकण हवे, आणि ते जनावराला न उघडणारे हवे. पण त्यासाठी चिप लागत नाही. अमेरिकेतल्या जंगलांत वर्षानुवर्षे वापरात असलेल्या अस्वलरोधक डब्यांना आत बोटे घालून दाबावा लागणारा साधा खटका असतो. माणसाची बोटे तिथे पोचतात, पंजा पोचत नाही. आपला लोहारही असा खटका बसवून देईल, आणि तो बिघडला तर पुण्याहून इंजिनिअर येण्याची वाट पाहावी लागणार नाही.

आता यंत्राकडे. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्राचा अनुभव जिल्ह्याच्या गाठीशी आहे. शेतात राबून रेषा झिजलेल्या बाईचा अंगठा लागत नाही, कधी सर्व्हर डाऊन असतो, आणि धान्य समोर पोत्यात दिसत असताना तिला परत पाठवले जाते. ती पुन्हा येते, कारण धान्य तिला हवे असते. कुंडीपाशी दोनदा ‘कार्ड अमान्य’ दिसले तर तिसऱ्यांदा कोणी कार्ड खिशातून काढणार नाही. बॅटरी संपली तर कुलूप बंद स्थितीत राहायचे की उघड्या? बंद राहिले तर पायथ्याशी ढीग. उघडे राहिले तर दोन महिन्यांत सगळ्या कुंड्या उघड्याच राहतील, कारण बॅटरी बदलण्याची घाई कोणालाच नसेल. स्वस्तातल्या कार्डांची नक्कल करणेही अवघड नाही: जगभर बसमध्ये, दारांवर वापरल्या जाणाऱ्या एका लोकप्रिय चिपचे सांकेतिक कवच नेदरलँडच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्येच फोडून दाखवले होते. आणि कार्ड खरे असो वा खोटे, कोणत्या घरातून कधी कचरा बाहेर पडतो याची वही नगरपरिषदेने का ठेवावी, हा प्रश्न उरतोच. घर आठ दिवस बंद आहे हे त्या वहीवरून कोणालाही कळेल. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे; त्याला कात्री लावायची तर बदल्यात मिळणारा फायदाही तेवढा मोठा दाखवावा लागेल.

एक माणूस या सगळ्या चर्चेत नेहमी सुटतो. पहाटे पोते घेऊन कुंडीतून बाटल्या, पुठ्ठा, पत्रा वेचणारी बाई नगरपरिषदेच्या पटावर नाही, पण डेपोवर जाणारे ओझे ती रोज फुकटात हलके करते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. कुंडीला कुलूप लागले की आपल्याकडची ही बाई एका रात्रीत चोर ठरते. तिला कार्ड देऊ, असे म्हणता येईल. पण पिशवी आत टाकण्यासाठी घडवलेल्या त्या पिंपातून बाहेर काहीच काढता येत नाही.

तरीही कुलुपाची मागणी करणाऱ्यांची चीड खोटी नाही. चौकातली कुंडी घरच्या कचऱ्याने क्वचितच भरते. ती भरते हॉटेलच्या खरकट्याने, चिकनच्या दुकानातल्या पिसांनी, मंगल कार्यालयातून रात्री अकराला ट्रॅक्टरने आलेल्या पत्रावळींनी आणि कोणाच्या तरी पाडलेल्या भिंतीच्या मलब्याने. दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना २०१६ च्या नियमांनी मोठे कचरा निर्माते ठरवले. असे लोक गावात मोजके, त्यांचे पत्ते पक्के, परवाने नगरपरिषदेच्या हातात. किल्लीविना उघडणारे कुलूप इथे शोभेल. प्रत्येकाच्या आवारात त्याच्या नावाची बंद कुंडी, तिच्यावर चिप, उचलताना वजन आणि वजनावर बिल. साध्या कुलपापेक्षा इथे इलेक्ट्रॉनिक कुलूप खरोखर सरसही आहे: किल्ली हरवली वा तिची नक्कल झाली तर सगळी कुलुपे बदलावी लागतात, कार्ड मात्र एकट्याचे रद्द करता येते. दवाखान्यांच्या बाबतीत तर हा मार्ग कायद्यानेच दाखवला आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी रंगीत पिशव्यांना बारकोड लावायला सांगितले, आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नये अशी मर्यादा घातली. तिथे कचऱ्याचा मालक माहीत असतो आणि पिशवीवर त्याचा माग राहतो. चौकातल्या कुंडीत या दोन्ही गोष्टी नसतात.

राहिला हिशेबाचा प्रश्न. ‘यंत्राशिवाय नोंद नाही, आणि नोंदीशिवाय ठेकेदाराची बिले फुगतात’ असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. फक्त नोंद कोणाची, एवढेच विचारायचे आहे. नागपूरसह राज्यातल्या बऱ्याच शहरांत घरांच्या दारांवर क्यूआर कोडच्या पाट्या लागल्या आणि कामगाराने त्या स्कॅन करायच्या असे ठरले. त्याने कामगार दारापर्यंत आला एवढे सिद्ध होते. कचरा वेगळा घेतला की नाही, पुढे त्याचे काय झाले, हे कळत नाही. नजर सतत सर्वांत खालच्या माणसावर आणि नागरिकावर ठेवली जाते. त्याऐवजी चिप कुंडीच्या अंगावर आणि तिला वाचणारे यंत्र उचलणाऱ्या गाडीवर असू द्या. कुंडी कधी रिकामी झाली, किती वजन निघाले, गाडी डेपोच्या वजनकाट्यावर किती वाजता पोचली, या तीन नोंदी जुळल्या तरच देयक मंजूर. त्या नोंदी नगरपरिषदेच्या फलकावर दर सोमवारी लावा. कुंडी ओसंडते ती लोक जास्त टाकतात म्हणून कमी, आणि ती वेळेवर उचलली जात नाही म्हणून जास्त, हे त्या फलकावर कोणालाही वाचता येईल.

आणि कुंडी हवीच का, हाही प्रश्न आहे. नव्वदच्या दशकात नाशिकने रूढ केलेली घंटागाडी आज गावोगाव पोचली आहे. मलकापूरहून काही तासांच्या अंतरावरच्या इंदूरने घरोघर संकलन पक्के करून रस्त्यावरच्या कुंड्याच हटवल्या. इंदूर मोठे, श्रीमंत, असे म्हणाल तर वेंगुर्ला घ्या: आपल्या देऊळगाव राजाहूनही लहान गाव. तिथे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घराघरांतून वेगवेगळा कचरा घ्यायला सुरुवात झाली, ओल्याचा बायोगॅस झाला, प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्यात गेले आणि कचरा डेपोची जागा लोकांनी बघायला जावे अशी झाली. तिथे कोणत्याही डब्याला कुलूप लावावे लागले नाही. ‘पण निधी वरून येतो, आपले काय जाते?’ हा आपल्याकडचा शेवटचा आणि सर्वांत लाडका युक्तिवाद. वरून येतो तो खरेदीचा निधी. हमीची मुदत संपल्यावर बॅटरी, मोडलेली दांडी आणि सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क नगरपरिषदेच्या स्वतःच्या कर वसुलीतूनच जाते.

तंत्राची परीक्षा घ्यायचीच असेल तर बुलढाणा, खामगाव किंवा चिखलीपैकी एका नगरपरिषदेने येत्या लग्नसराईत ती मंगल कार्यालयांवर घ्यावी. प्रत्येक कार्यालयाला चिप लावलेल्या दोन बंद कुंड्या, एक ओल्याची, एक सुक्याची. दर किलोला ठरलेला भाव. ओल्यात प्लास्टिक सापडले तर दुप्पट. हंगाम संपल्यावर किती वजन निघाले, किती बिल झाले, त्यातले किती वसूल झाले आणि थकवणाऱ्यांपैकी कितींचा परवाना खरोखर अडवला, हे चार आकडे सर्वसाधारण सभेत मांडावेत. वीस-पंचवीस कार्यालयमालकांकडून वजनाचे पैसे घेण्याची धमक त्यात दिसली, तर पुढच्या वर्षी हॉटेलांकडे वळता येईल. ती दिसली नाही, तर चौकातल्या कुंडीसाठी काढायची निविदा फाइलीतच राहू द्यावी.